चालणारा ठिपका

जुलैत आइन स्प्रूसवर चढला तेव्हा मी खाली उभी होते,
पिशवीत वजनकाटा, सुई, दोरा.
त्यानं पिल्लू पोत्यात घालून खाली सोडलं :
एक किलो चारशे दहा ग्रॅम राग.
पाठीवर तीस ग्रॅमचं यंत्र बसवताना
मी टाके मुद्दाम सुती दोऱ्याचे घातले,
चार-पाच वर्षांत कुजून आपोआप गळावेत म्हणून.
कुणाच्या पाठीवर जन्माचं ओझं बांधू नये, आई म्हणायची.
ती दप्तरांबद्दल म्हणायची.

नाव दिलं नाही. नाव दिलं की माणूस चुकीचं मोजतो,
असं आइनचं मत.
क्रमांक सत्तेचाळीस.

सप्टेंबरात दलदलीवर धुकं बसलं
आणि तो निघाला, एकटाच,
कुणी न दाखवलेल्या वाटेनं.
मी तार्तूच्या खोलीत पडद्यासमोर.
जेवायला उठले तेव्हा तो बॉस्फरसच्या अलीकडे,
ताट घासून परतले तर आशियात.
सुएझपाशी दोन दिवस घुटमळला,
मग नाईल धरून खाली खाली,
अंधारात भिंत चाचपत जावं तसा.

ऑक्टोबरच्या सव्वीस तारखेला ठिपका थांबला.
दक्षिण सुदान, यिरोलच्या पूर्वेला.
एक दिवस. दमला असेल.
दोन दिवस. पाऊस असेल.
नऊ दिवस एकाच बाभळीपाशी.
नकाशाला झाड दिसतं,
फांदीवर की बुंध्याशी, ते दिसत नाही.
‘रकाना भरून टाक,’ आइन म्हणाला.
रकान्यात तीनच शब्द चालतात :
जिवंत, मृत, अज्ञात.
मी माउसवर हात ठेवून नुसती बसले.

दहाव्या दिवशी ठिपका उठला
आणि चालू लागला.

ताशी तीन किलोमीटर.
गरुड चालत नाहीत.
म्हणजे चालतात, बेडकामागे, ओल्या गवतात, वीस-पंचवीस पावलं.
हा दिवसभर चालत होता.
उन्हं चढली की थांबायचा,
पाण्याशी थांबायचा, मध्येच उगाच थांबायचा,
रात्री एका जागी, पहाटे पुन्हा.
आजोबांकडे सात गाई होत्या.
ही चाल मला ओळखीची वाटली.

गुरांना लस टोचत तळावरून तळावर फिरणारा
एक मादिंग आतेर म्हणून आहे, त्याला निरोप धाडला.
तीन आठवड्यांनी उत्तर आलं, जिथं रेंज मिळाली तिथून :

‘तुमचा पक्षी न्यिबोलला सापडला, मेलेला.
कुणी मारला नाही, असं ती म्हणते.
मी ते विचारलंच नव्हतं.
टाके घट्ट होते, तिनं दातांनी तोडले.
यंत्र चमकतं म्हणून बैलाच्या गळ्यात बांधलंय.
काळं अंग, पांढरं डोकं. नाव माकुएइ.
कुएइ म्हणजे आमच्या नदीवरचा गरुड.
काढून घेऊ का?’

त्या रात्री मी उत्तर दिलं नाही.
सत्तेचाळीसपुढे ‘मृत’ लिहिलं, तारीख घातली,
मग पोत्यातला तो राग आठवला,
माझ्या अंगठ्यावर अजून त्याची एक रेघ आहे.

यंत्र उन्हावर चालतं.
तिकडे ऊन पुष्कळ.

सकाळी मादिंगला लिहिलं : राहू दे.
फक्त गळ्यातली गाठ सैल आहे ना, तेवढं बघ.

आता जानेवारी. इथं उणे एकोणीस,
खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलंय.
ठिपका नदीकाठच्या गवतात उतरलाय,
पाच दिवसांत चार किलोमीटर, कसली म्हणून घाई नाही.
आइन बूट झटकत आत येतो,
पडद्याकडे न बघताच विचारतो,
सत्तेचाळीसचं काय झालं शेवटी?

चरतोय, मी म्हणते.